आवाज येतो, शब्द येत नाही

पुण्यात राहायला आले आणि महिन्याभरात आप्पा गप्प झाले.

पाटणजवळच्या घरी हेच आप्पा पडवीत बसून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हटकायचे. कानाला मशीन तेव्हाही होतं, पण गप्पांचं काही अडत नव्हतं. माझ्या फ्लॅटमध्ये मात्र 'भात हवा का?' विचारलं की ते स्वतःच्या हाताकडे बघायचे. मी तेच मोठ्याने विचारायचे, मग आणखी मोठ्याने. एकदा तर चक्क ओरडले. त्यांनी शांतपणे मशीन काढून टेबलावर ठेवलं.

"अगं, आवाज येतोय. शब्द येत नाहीत."

त्या रात्री मी त्यांच्या खोलीत उभी राहून टाळी वाजवली. एक पलंग, एक लोखंडी कपाट, बाकी सगळ्या टाइल्स, प्लास्टर आणि काच. टाळी वाजून संपली, तरी खोली वाजतच राहिली. इतके महिने मला ते ऐकूच आलं नव्हतं, कारण माझे कान धड आहेत.

1895 साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमचं व्याख्यानगृह असंच निकामी ठरलं होतं. बोललेला आवाज तिथे साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सेबाइन नावाच्या भौतिकशास्त्राच्या तरुण शिक्षकाकडे हे लचांड आलं. तो रात्री, बाहेर सामसूम झाली की, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणून तिथे मांडायचा. ऑर्गनची नळी वाजवून बंद करायची आणि आवाज विरेपर्यंतची वेळ मोजायची. गाद्या वाढल्या की घुमणं कमी. एकूण शोषण दुप्पट झालं तर घुमणं निम्मं, इतका सरळ हिशेब त्यातून निघाला. शोषणाचं माप म्हणून त्याने निवडली उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

हे वाचलं आणि मला आमची पडवी आठवली. एक अख्खी बाजू उघडी! सेबाइनच्या हिशेबात भलीमोठी खिडकीच. आत कौलांच्या फटी, धान्याची पोती, दोरीवर कपडे, कोपऱ्यात अंथरुणांची चळत. आवाजाला परतायला तिथे गुळगुळीत भिंतच फारशी सापडायची नाही.

बोलण्यात स्वर दणकट असतात, व्यंजनं दुबळी. घुमणाऱ्या खोलीत आधीचा 'आ' अजून फिरत असतो आणि त्याच्याखाली पुढचा 'त' चिरडतो. मशीन दोन्ही मोठं करतं. मी ओरडले की घुमणंही तेवढंच ओरडायचं. म्हणजे मी इतके दिवस आप्पांशी नाही, त्यांच्या भिंतींशी भांडत होते.

यूट्यूबवर पहिला सल्ला मिळाला अंड्यांच्या ट्रेचा. त्या नादी लागू नका. पातळ पुठ्ठा फार काही शोषत नाही, आणि वरच्या मजल्यावरचा आवाज तर मुळीच अडवत नाही. आवाज अडवायला जड, बंद भिंत लागते. शोषायला जाड, सच्छिद्र काहीतरी. त्याच्या धाग्यांमध्ये हवेची थरथर घासते आणि तिची अगदी किंचित उष्णता होते.

जाड आणि सच्छिद्र. आईने शिवलेल्या चार गोधड्या माळ्यावर पडून होत्या. जुनी लुगडी, आप्पांची धोतरं, माझे शाळेचे फ्रॉक, थरावर थर. ती गेल्यापासून कोणी त्यांना हात लावला नव्हता. मी पडद्याच्या दांड्या ठोकून तीन गोधड्या भिंतींपासून चार बोटं सोडून टांगल्या. मागे हवा राहिली की त्या थोडे खालचे सूरही शोषतात. चौथी लोखंडी कपाटावर सोडली. खाली जाड सतरंजी.

टाळी वाजवली. टप्. संपली.

गणपतीतल्या डीजेचा धुमधुमाट तसाच येतो, तिथे गोधडीचं काही चालत नाही. कुकरच्या शिट्टीला आप्पा अजून दचकतात.

दुसऱ्या दिवशी मी दारातूनच, नेहमीच्या आवाजात विचारलं, "आप्पा, चहा ठेवू?"

"ठेव," ते म्हणाले. "आणि ती मधली उलटी टांगलीयस. तिचा टाका सरळ बाजूला बारीक असायचा."