आजार घरी ठेवून जाता येत नाही

उन्हाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात परदेशी निघालेल्या आजी-आजोबांची वर्दळ वाढते. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला काट्यावर तोलून झालेले असतात. औषधांचा विचार मात्र आदल्या दिवशी सुचतो. वास्तविक तो महिनाभर आधी व्हायला हवा.

सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाल्या होत्या. प्रवासविम्याच्या अर्जात त्यांनी मधुमेहाचा उल्लेख टाळला होता. "हप्ता वाढतो, डॉक्टर, शिवाय तिला या दिवसांत काळजी कशाला?" मी म्हणालो, "बाई, तिकडे रुग्णालयात जाण्याची वेळ आली आणि विमा नाकारला गेला, तर ती काळजी कुणाला?" त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग माझ्यासमोरच त्यांनी लेकीला फोन लावला.

त्यांना जे सांगितले, तेच आपल्यालाही सांगतो. औषधे, विशेषतः इन्सुलिन, हातातल्या बॅगेतच ठेवावीत. मोठी बॅग हरवू शकते. शिवाय सामानकक्षातील थंडीने इन्सुलिन गोठण्याचा धोका असतो, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. गोळ्या मूळ पाकिटातच न्याव्यात. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी, तीही औषधाच्या मूळ नावाने; कारण आपले व्यापारी नाव तिकडे कुणी ओळखत नाही. आपले पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणून मिळते. त्या देशाचे नियमही पाहावेत. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल व कोडीन असलेल्या औषधांवर कडक निर्बंध आहेत, आणि आपली साधी खसखसही तेथे निषिद्ध आहे.

उन्हाळ्यात न्यू जर्सीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. इन्सुलिन व गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. स्वतः हिशेब मांडू नये.

स्वच्छतागृहात वारंवार जावे लागेल या संकोचाने अनेक जण विमानात पाणी पीत नाहीत, लघवीची गोळीही परस्पर बंद करतात. तसे करू नये. मार्गिकेलगतची जागा मागून घ्यावी. तासन्‌तास बसून पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून अधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी घोटे हलवत राहावे. पूर्वी गुठळी झाली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच सल्ला घ्यावा.

आणि घरच्यांनो, आई-वडिलांची बॅग भरताना आजार, औषधे, ॲलर्जी व तातडीचा दूरध्वनी लिहिलेला एक कागद त्यांच्या पासपोर्टसोबत ठेवा. त्याची एक प्रत तिकडच्या मुलांकडे आधीच पोहोचू द्या. मुलांना त्रास नको म्हणून आजार झाकणे ही माया खरीच. पण आजार ठाऊक असेल, तरच मुले वेळेवर धावून येऊ शकतात.