वडीगोद्रीची तीनशे गाळणी

जालन्याहून अंबडमार्गे दक्षिणेकडे निघालेला रस्ता वडीगोद्रीला धुळे–सोलापूर महामार्गाला मिळतो. पुढे शहागड, आणि तेथे गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. वडीगोद्री हे असे फाट्यावरचे गाव. कपाशी, ऊस आणि मोसंबी ही इथली पिके. जायकवाडीचा डावा कालवा याच भागातून परभणीकडे जातो. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे. तरीही पावसाने पाठ फिरवली की अंबड तालुक्यातील गावांत टँकरच्या मागे घागरींची रांग लागते. बँकेच्या नोकरीत या तालुक्यात काही वर्षे काढल्यामुळे ती रांग मी जवळून पाहिली आहे. अशा मुलखात लग्नाच्या पाहुण्यांना पाणी गाळण्याचे कापड भेट द्यावे, ही कल्पना मला तरी स्वाभाविक वाटली. घरातल्या सर्वांना मात्र तशी वाटली नव्हती.

लग्न माझ्या मावशीच्या नातीचे. मावशीचे वय ऐंशीच्या पुढे. अडत आणि किराणा असा घरचा जुना व्यवहार. पाहुण्यांना परतभेट काय द्यावी, हा प्रश्न व्यापारी घरात साधा नसतो. पूजा-प्रवचनानंतरच्या प्रभावनेची आपल्याला सवय आहे. नारळ, वाटी, माळ, जे द्यायचे ते साधर्मिकाच्या हाती आदराने द्यावे, एवढाच तिचा भाव. लग्नातली परतभेट मात्र अलीकडे घराची पत सांगू लागली आहे. कोणी चांदीचे नाणे दिले, कोणी काचेचे डबे दिले, हे वर्षभर लक्षात ठेवले जाते.

पहिला प्रस्ताव पैठणीच्या कापडाच्या बटव्यांचा होता. पैठण फार दूर नाही, आणि बटवा दिसतोही देखणा. मावशीने रेशीम केव्हाच सोडले आहे. तिने विरोध केला नाही, फक्त विचारले, "एका बटव्याला किती कोष लागतात, हे कोणी मोजले आहे का?" हिशेब माझ्याकडे आला. जालन्यात २०१८ पासून रेशीम कोषांची बाजारपेठ आहे, त्यामुळे या भागात तुतीची शेती करणारे शेतकरी भेटतात. एक किलो सुतासाठी साधारण सहा-सात किलो कोष लागतात आणि एक किलोत पाचशे ते सहाशे कोष बसतात. हातभर नाही, वीतभर बटव्याला चार ग्रॅम रेशीम धरले, तरी चौदा-पंधरा कोष होतात. तीनशे बटव्यांना चार हजारांच्या वर. धागा अखंड निघावा म्हणून कोषातला किडा वाफेने किंवा गरम हवेने आधीच मारलेला असतो. पैठणी विणणाऱ्या कारागिराच्या हाताबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि ज्यांच्या घरात रेशीम चालते त्यांना मी उपदेश करणार नाही. पण हा आकडा ऐकल्यावर त्या घरात बटव्याचे नाव पुन्हा निघाले नाही.

तेव्हा मावशीने गाळण्याची गोष्ट काढली. आमच्याकडे त्याला छन्ना म्हणतात, मारवाडी घरांत गरणा, आणि सोप्या मराठीत गाळणे. चहाची गाळणी वेगळी. हे जाड सुती कापड. श्रावकाचाराच्या परंपरेत त्याचे माप ठरलेले आहे: छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद, आणि वापरताना दुहेरी. अंगुळ पाऊण इंचाचे धरले तर सत्तावीस इंच बाय अठरा इंच. कापड इतके घट्ट असावे की उन्हात धरले असता सूर्यबिंब स्पष्ट दिसू नये.

नवरीचा आक्षेप सरळ होता. ती पुण्यात नोकरी करते. "आजी, सगळ्यांच्या घरी पाणी शुद्ध करायचे यंत्र आहे. नाही त्यांच्याकडे जार येतो. हे फडके कपाटात पडून राहील." वराकडच्या मंडळींना काय वाटेल, ही काळजी तिच्या आईला होती, पाहुण्यांच्या हातावर फडके ठेवले असे कोणी म्हटले तर? दोघींचे म्हणणे खोटे नव्हते. मावशी म्हणाली, "पडू दे कपाटात. ज्या दिवशी लाइट जाईल त्या दिवशी काढतील."

वडीगोद्रीत लाइट जाते, हे निराळे सांगायला नको.

मग काम सुरू झाले. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे नाव राष्ट्रध्वजाच्या खादीमुळे अनेकांना ठाऊक असते. तिच्याकडून जाड खादी आणली. चाळीस इंची पन्ह्यात आडवे दोन तुकडे बसतात. दुमड धरून प्रत्येक तुकडा एकोणीस बाय अठ्ठावीस इंच कापायचा, म्हणजे तीनशे गाळण्यांना जवळजवळ १०७ मीटर. खादी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ११५ मीटर घेतली आणि कापण्याआधी सगळी धुऊन, खळ काढून वाळवली. अंगणभर दोऱ्या बांधल्या होत्या. हा क्रम उलटला, आधी शिवले आणि मग धुतले, तर काठ आखडतात आणि गाळणे हंड्याच्या तोंडावर सपाट बसत नाही.

एका गाळण्याच्या चारही काठांची लांबी नव्वद इंच. तीनशे गाळण्यांची हातशिलाई पावणेसातशे मीटरच्या वर जाते. सराईत हाताला एक गाळणे पुरे करायला तास-सव्वा तास लागतो. कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दिवस. कापूसवेचणी चालू, त्यामुळे शेजारच्या बायांचे हात दिवसा मोकळे नसत. सूर्यास्तापूर्वी घरचे जेवण उरकले की आठ-नऊ जणी ओसरीवर बसत. ज्या मजुरीने शिवत होत्या त्यांना नगावर पैसे मिळत, आणि दर मावशीने ठरवला नाही, त्यांनाच ठरवायला सांगितला. यंत्रावर हे काम चार दिवसांत झाले असते. पण यंत्राची टीप सुटली की सरसर उसवत जाते. हाताचा टाका तुटला तर तेवढाच तुटतो, असे त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क बाईंनी मला समजावले.

प्रत्येक गाळण्याच्या एका कोपऱ्यावर लाल दोऱ्याचे चार टाके घातले. मला ती नक्षी वाटली होती. ती खूण आहे. गाळताना कापडाची जी बाजू वर असते, तीच नेहमी वर राहिली पाहिजे. उलटले तर वरचे अडकलेले सगळे भांड्यात उतरते. नारू निर्मूलनाच्या मोहिमेतही गावोगाव हेच शिकवले गेले. पाण्यातल्या बारीक जीवांबरोबर नारूची अळी माणसाच्या पोटात जाई आणि वर्षभराने हातभर लांबीचा कृमी पायातून बाहेर पडे. महाराष्ट्रही त्या रोगाच्या राज्यांपैकी एक होता. त्यावर औषध नव्हते, लसही नव्हती. पाणी कापडाने गाळणे आणि पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवू न देणे, यांवरच मुख्य भर होता. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशातील मतलब भागात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्ट गावांत जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तेथे पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. वापरून मऊ झालेले कापड नव्यापेक्षा चांगले गाळते, कारण त्याची छिद्रे बारीक होतात. अर्थात कापडाने प्रत्येक जंतू अडतो असे नाही. उकळणे ते उकळणेच. हे मी नवरीला सांगितले. तिने मान हलवली, पण "मग यंत्रच बरे" असेही म्हणाली.

आपल्याकडे मात्र गाळण्याचा हेतू गाळणाऱ्याचे आरोग्य एवढाच नाही. गाळल्यावर कापडावर जे जीव राहतात ती जिवाणी. गाळणे उलटे धरून, त्यावर गाळलेलेच पाणी हळूच ओतून, ती ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे. नंतर पुन्हा गाळायचे. मावशीने सून म्हणून घरात आल्यापासून हे केले. परसातली विहीर होती तोवर अडचण नव्हती.

एका संध्याकाळी शिवणकाम चालू असताना टँकर आला. मावशीने सवयीने एक नवे गाळणे हंड्यावर दुहेरी टाकले, पाणी गाळले, आणि मग ते ओले कापड हातात धरून उभी राहिली. टँकरवाल्याला विचारले, "बाबा, हे पाणी कुठल्या विहिरीचे?" त्याने चार गावांची नावे घेतली, आज कुठून भरले ते मालकाला विचारावे लागेल म्हणाला. माणसाने थट्टा केली नाही, खरोखरच फोन लावला. उत्तर मिळाले, ती विहीर अकरा किलोमीटरवर होती. मावशीने जिवाणी तांब्यात धरली, तांब्या पाण्याने भरला आणि टँकरवाल्याच्या हातात दिला. "पुन्हा भरायला जाशील तेव्हा ओत." त्याने तांब्या गाडीत, पायापाशी उभा करून ठेवला. पुढे त्याने तो ओतला की नाही, ते मला ठाऊक नाही. तांब्या मात्र तिसऱ्या दिवशी घासून परत आला.

नवरी त्या दिवशी घरीच होती. तिने काही म्हटले नाही. पण दुसऱ्या दिवशी गाळण्यांसोबत ठेवायच्या चिठ्ठीचा मजकूर तिनेच लिहिला: माप, दुहेरी घडी, लाल खूण वरच्या बाजूला, साबण न लावता धुणे, उन्हात वाळवणे. जिवाणीबद्दल एक ओळ लिहिली, खोडली, आणि पुन्हा लिहिली. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी तीनशे गाळणी उरलेल्या खादीच्याच पट्टीने बांधली.

लग्न माघात झाले. वराकडच्या काहींनी गाळणे उलगडून पाहिले, काहींनी तसेच पिशवीत टाकले, एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन "खादी अस्सल आहे का?" एवढेच विचारले आणि बोटांनी पोत चाचपला. कापडाचे व्यापारी असावेत. मांडवातल्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांवर त्या दिवशी नवी गाळणी चढवली होती आणि जार मागवले नव्हते, त्यामुळे वाढप्यांची थोडी कुरकुर झाली.

चैत्रात मावशीकडे गेलो तेव्हा नातीचा फोन आला. पुण्यात दोन दिवस वीज नव्हती. आजीची ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर तिने विचारले, सोसायटीच्या टाकीत खडकवासल्याचे पाणीही येते आणि बोअरचेही. मग जिवाणी कुठे सोडायची? मावशीने फोन कानापासून दूर धरून माझ्याकडे पाहिले. मी बँकेत कितीही वर्षे काढली असली, तरी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मावशी बराच वेळ विचार करीत राहिली आणि मग म्हणाली, "बोअरचे पाणी वेगळ्या नळाला येते का, ते आधी बघ."