बोलतं जातं

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पिरंगुट गाठलं, की डोंगर जवळ येऊ लागतात. पुढे पौड. मुळशी तालुक्याचं हे मुख्य गाव. तिथून एक रस्ता कोळवणच्या खोऱ्यात शिरतो. आषाढात या रस्त्याने जा. माथे ढगात बुडालेले, खाचरांत गुडघाभर चिखल आणि त्यात ओळीने वाकून भात लावणाऱ्या बायका!

पण आम्ही, म्हणजे मी आणि सातवीतला माझा भाचा, पाऊस बघायला निघालो नव्हतो. आम्हांला ऐकायच्या होत्या जात्यावरच्या ओव्या.

"मामा, ओव्या पुस्तकात असतात की! दोन-दोन ओळींच्या तर असतात," भाचा म्हणाला.

"वाचल्यास ना? मग आता ऐक."

ओळखीच्या घरी पोहोचलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी ओसरीवर बसल्या होत्या. चहा झाला, गप्पा झाल्या. भाच्याने मोबाइल पुढे धरला आणि म्हणाला, "आजी, म्हणा ना एक ओवी!"

आजी आठवू लागल्या. एक शब्द आला, पुढचा येईना. शेवटी हसून म्हणाल्या, "आरं, अशी कोरडी कशी यील? जातं नगं व्हय?"

'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ती अगदी शब्दशः खरी असते, हे मला त्या दिवशी कळलं!

पण जातं होतं कुठे? खालचा दगड परसात पालथा पडलेला. वरच्या दगडावर पाण्याची घागर ठेवलेली. खुंटा तर केव्हाच गेला होता. आजींच्या मुलाने दोन्ही दगड धुऊन आत आणले, एक लाकूड तासून खुंटा ठोकला. शेजारच्या काकू समोर येऊन बसल्या. दोघींनी खुंट्याला हात घातला, मूठभर नाचणी आत पडली, आणि घर्र घर्र... जातं फिरू लागलं.

तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला आजींच्या ओठांवर ओवी आली!

पहिली देवाची. मग माहेरची, भावाची, लेकीची. एकीने ओळ सुरू करायची, दुसरीने ती उचलायची. मध्येच 'बाई', मध्येच 'गं'. अर्धी ओळ पुन्हा मागे यायची आणि नवीच होऊन पुढे जायची. कागदावर दोन ओळींत संपणारी ओवी किती तरी वेळ चालली होती. जात्याचा फेरा हाच तिचा ताल. दाणे घालायला हात थांबला, की सूरही जरासा थांबायचा.

लेकीच्या ओवीला मात्र आजींचा आवाज कापला. त्या थांबल्या, पदराने डोळे टिपले आणि पुन्हा खुंटा धरला. सांगा बरं, हे थांबणं कुठल्या पुस्तकात छापता येईल?

"आजी, ही ओवी लिहिली कुणी?" भाच्याने विचारलं.

"लिवली कुठली रं? आईची ऐकली, सासूची ऐकली. त्यात माझी घातली."

आजींना लिहिता-वाचता येत नाही. अशा कितीजणी होत्या! पहाटे सगळं घर झोपलेलं असताना त्या दळायला बसायच्या. घरात जे मोठ्याने बोलायची चोरी, ते जात्यापाशी बोलायच्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, पोटाची भूक. राम-सीता आणि विठ्ठलही त्यांच्या ओव्यांत आले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आले. बायकांनी स्वतःच्या आयुष्याची सांगितलेली ही गोष्टच की!

मग पिठाची गिरणी आली. "बरं झालं बाबा," आजी म्हणाल्या, "हात भरून यायचं नुसतं." खरंच बरं झालं. पण जातं थांबलं आणि ओव्याही थांबल्या.

हे वेळीच ओळखलं हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी. प्वातवँ जन्माने फ्रेंच, पण पुण्यात स्थायिक झालेले. १९८०च्या दशकात त्यांनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे बर्नार बेल हे फ्रेंच संगीत-संशोधक त्यांना येऊन मिळाले. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या! त्यांत या मुळशीतल्या गावांच्या ओव्याही आहेत. शिवाय शंभर तासांहून जास्त गाणं ध्वनिमुद्रित झालं. प्वातवँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. पण ते आवाज राहिले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले आहेत.

इकडे ओसरीवर भाच्याने आजींना त्यांचंच गाणं ऐकवलं. आजी मोबाइलला कान लावून बसल्या. चेहरा एकदम बदलला.

"ह्यो माझा आवाज? आगं बया! ही तर माझी आयच गायला लागली!"

कुणी काहीच बोललं नाही. बाहेर नुसता पाऊस.

परतताना भाच्याने विचारलं, "मामा, तुझी आजी म्हणायची का रे ओव्या?"

म्हणायची. वडिलांनी एका कॅसेटवर तिच्या ओव्या टेपही केल्या होत्या. १९८७ साली क्रिकेटचा विश्वचषक चालू होता. कोरी कॅसेट सापडेना, म्हणून मी तीच घातली आणि सामन्याचं धावतं वर्णन टेप केलं. आजी रागावली नाही. "असू दे, पुन्हा म्हणीन," म्हणाली. ते 'पुन्हा' राहूनच गेलं. आज वहीत तिच्या दोन ओव्या आहेत. शब्द आहेत, चाल मला आठवत नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. पौड आलं तसा म्हणाला, "मामा, उद्या घरी गेलो ना, की आमच्या आजीला विचारतो. ओव्या नसतील येत तिला, पण तिच्या शाळेची गोष्ट तिने सांगितलेली टेप करून ठेवतो."

दोस्तांनो, तुमच्या घरातही असा एखादा आवाज असेल. ओवी नसेल, तर कहाणी असेल, उखाणा असेल, गावाकडची बोली असेल. आधी परवानगी विचारा हं! मग जवळ बसा, ऐका आणि टेप करा. सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख तेवढी सांगायला विसरू नका.

आणि हो, त्यावर दुसरं काही टेप करू नका!