दुसरा श्रोता

जी भाषा मातृभाषेहून सर्वस्वी भिन्न असते, ती शिकताना मनुष्य सावध असतो; इंग्रजीच्या पहिल्या धड्यापासूनच मुलाला कळून चुकते की आपण परक्याच्या अंगणात उभे आहोत आणि येथे पाऊल जपून टाकले पाहिजे. परंतु जिची लिपी आपलीच, जिचे निम्मे शब्द आपल्या आजीच्या तोंडचे आणि जिची गाणी अर्थ कळण्यापूर्वीच रेडिओवर ऐकून पाठ झालेली, अशी भाषा मनात केव्हा शिरली आणि आत येऊन तिने काय काय हलवले, याची नोंद कोणीच ठेवीत नाही. हिंदीने माझ्या विचारांचे नेमके काय केले, हा प्रश्न म्हणूनच मला दिल्लीत निम्म्याहून अधिक आयुष्य काढून, पेन्शनीत निघाल्यानंतर सुचला. आणि ज्या ठिकाणी त्याचे उत्तर सापडेल असे वाटले होते, तेथे ते सापडले नाही.

मी मूळचा वाईचा. प्राज्ञपाठशाळेच्या त्या गावात संस्कृत शब्दांना परकेपणा नव्हता, आणि हिंदी तर शाळेतच होती. शिवाय पुण्याच्या महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभेच्या परीक्षा होत्या, ज्यांना बसणे हे आमच्या मास्तरांच्या मते अर्धे देशकार्य होते. त्या परीक्षांविषयी मला आदर आहे, परंतु त्यांतली हिंदी कोणाशी बोलायची नव्हती. मराठीत केलेला विचार, क्रियापदाचे शेपूट तेवढे बदलून, आम्ही उत्तरपत्रिकेत उतरवून देत असू. त्या हिंदीला तपासणारा होता, ऐकणारा नव्हता. आणि ज्या भाषेला ऐकणारा नसतो तिच्यात विचार करण्याचे कारणच पडत नाही.

१९६८ साली केंद्र सरकारच्या नोकरीचा हुकूम हाती घेऊन मी दिल्लीत उतरलो आणि करोलबागेत एक खोली घेऊन राहिलो. माझी शाळेतली शुद्ध हिंदी तेथे कोणाला कळली नाही असे नव्हे, पण ती ऐकून लोक किंचित थबकत, जसे कोणी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागला असावा. घरमालक फाळणीनंतर लायलपुराहून आलेले. ते सकाळी उर्दू ‘मिलाप’ वाचीत, त्यांच्या पत्नी गुरुमुखीतून पाठ करीत आणि मुले देवनागरीत गृहपाठ लिहीत. एका छपराखाली तीन लिप्या नांदत आणि कोणालाही त्यात विशेष वाटत नसे. ‘मुझे जाना है’ हे मी पाठ करून आलेलो, तर येथे सगळेच ‘मैंने जाना है’ म्हणत, कारण पंजाबीने आपला ढंग हिंदीत आणून ठेवला होता. हिंदीच्या या राजधानीत माझ्या आजूबाजूच्या कित्येकांची हिंदी माझ्यासारखी दुसरीच भाषा होती, ही गोष्ट ध्यानात यायला मला बराच काळ लागला. ती ध्यानात आल्यावर भीड चेपली.

कचेरीतली हिंदी आणखी निराळी. वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेचा आयोग १९६१ साली स्थापन झालेला, नवे संस्कृतनिष्ठ शब्द फायलींवर उतरू लागलेले, आणि मेरठकडचे आमचे एक वृद्ध हेडक्लार्क, ज्यांची मातृभाषा हिंदीच, त्या शब्दांपुढे हतबुद्ध होऊन माझ्याकडे येत. मला ते शब्द वाईमुळे कळत. उलट त्यांची दरख्वास्त, तामील आणि बरखास्तगीही मला अडत नसे, कारण अर्ज, फिर्याद, जप्ती, सनद, दाखला आणि शेरा यांच्यावाचून मराठी मामलेदार कचेरी एक दिवस चाललेली नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला, तरी पुढच्या शतकात पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे यांच्या पत्रांतून फारसी शब्दांची रेलचेल चालूच राहिली. दरबार फारसीचा, मग पत्र कोठले संस्कृतात विचार करणार! मराठी मनुष्य भाषेच्या दोन्ही दालनांत निर्वेध फिरू शकतो याचा मला तेव्हा थोडा गर्वच झाला होता, आणि तो अगदीच अस्थानी होता असे मला आजही वाटत नाही.

शिक्षा, राग, चेष्टा अशा शब्दांच्या दोन भाषांतल्या दोन अर्थांवरून होणारे विनोद दिल्लीतल्या प्रत्येक मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात होतात; त्यांत मला फारसे काही दिसत नाही. मला अडला तो ‘हम’. मराठीत अनेकवचनी प्रथमपुरुष दोन आहेत: ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटले की तो आत. हिंदीत हा भेदच नाही. बैठकीच्या अखेरीस साहेब म्हणत, ‘हम इस पर विचार करेंगे’, आणि त्या विचारात आपण धरले गेलो आहोत की वगळले गेलो आहोत, हे मला उमगत नसे. बिहारकडचे एक अधिकारी तर केवळ स्वतःपुरताच ‘हम’ वापरीत. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या तमिळ सहकाऱ्याचीही हीच तारांबळ होई, कारण तमिळमध्येही हा भेद आहे, आणि मराठीने तो द्राविड भाषांच्या सहवासातूनच उचलला असावा असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्या सहकाऱ्याला गृहमंत्रालयाच्या हिंदी शिक्षण योजनेत अगदी पायथ्याच्या ‘प्रबोध’ परीक्षेपासून आरंभ करावा लागला होता, तर मराठी, गुजराती, बंगाली मंडळींना थोडे येतेच असे गृहीत धरून सरकार एकदम ‘प्रवीण’पाशी उभे करते, पण ‘हम’च्या बाबतीत आम्ही दोघे एकाच इयत्तेत होतो.

येथे मला वाटले होते की सापडले उत्तर. हिंदी मनुष्याला आतला आणि बाहेरचा हा भेदच करावा लागत नाही, म्हणून तो अधिक मोकळा, किंवा अधिक धूर्त, असा एक सिद्धांत मी काही वर्षे बाळगला आणि पाहुण्यांना ऐकवलाही. तो टिकला नाही. साहेबांच्या ‘हम’मध्ये कोण आहे हे मेरठच्या हेडक्लार्कला त्यांच्या स्वरावरून, ते कोणाकडे पाहून बोलले त्यावरून, क्षणात कळे, कालांतराने मलाही कळू लागले. जो हिशेब मराठी व्याकरण माझ्याकडून सक्तीने करून घेत होते, तोच हिशेब हिंदी माणसे डोळ्यांनी करीत होती.

दुसरा अनुभव याहून गंभीर आहे. मुलगी झाली तेव्हा इस्पितळाच्या व्हरांड्यात ज्याने त्याने विचारले, ‘क्या हुआ?’, आणि त्या प्रश्नाला दोनच उत्तरे होती. मराठीत मूल होते, बाळ होते. नपुंसकलिंगाच्या त्या ओट्यावर नवजात जीवाला मुलगा किंवा मुलगी होण्यापूर्वी क्षणभर विसावता येते, आणि ‘बाळ कसे आहे?’ असे विचारणाऱ्याला काहीच उघड करून घ्यावे लागत नाही. हिंदीत लिंगे दोनच. दिल्ली आणि हरियाणातल्या मुलींच्या कहाण्या वाचताना मला या व्याकरणाची आठवण होई, आणि मनातल्या मनात मी मराठीला थोडे अधिक गुण देऊन टाकीत असे. मग २०११ च्या जनगणनेचे आकडे आले. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे हरियाणात मुली ८३४, दिल्लीत ८७१, आणि तीन लिंगांच्या आपल्या महाराष्ट्रात ८९४. म्हणजे नपुंसकलिंग असूनही आपण देशाच्या सरासरीच्या खालीच. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, तो व्याकरणाचे बळ पुरले नाही म्हणूनच. भाषेची रचना माणसाचे मन घडविते, असे अमेरिकेतल्या बेंजामिन ली व्होर्फ यांच्या नावावर जे सांगितले जाते, त्याची फार ताणलेली आवृत्ती मी त्या दिवसापासून मनातून काढून टाकली. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांचे म्हणणे मला अधिक मानवते: भाषाभाषांत फरक आहे तो कोणती गोष्ट सांगितलीच पाहिजे यात; सांगता तर प्रत्येकीत सगळेच येते.

मग बदलते ते काय? कारण काहीतरी बदलते, याविषयी मला संशय नाही. वाईत ज्याने कधी आवाज चढविला नाही, तो मी दिल्लीच्या बसमध्ये कंडक्टरशी हिंदीत असा भांडत असे की माझ्या पत्नीने एकदा माझ्याकडे नवख्यासारखे पाहिले. घरी आल्यावर तेच भांडण मराठीत सांगू लागलो तर त्याची धार बोथट होई, आणि माझी बाजूही तितकीशी न्याय्य वाटेना. मराठीत माझ्या बोलण्याला माझे वडील, मास्तर, आळीतली वडीलधारी माणसे ऐकत आहेत असा एक कायमचा धाक आहे. त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत, तरी धाक आहे. हिंदीत ती मंडळी बसलेली नाहीत. तेथे बसलेला आहे दिल्लीचा मनुष्य, ज्याला पहिल्या वाक्यात जोर दिसला नाही तर पुढचे ऐकण्याची सवड नसते.

दुसरी भाषा आपल्याला दुसरा श्रोता देते, आणि विचार हे पुष्कळसे कोणालातरी सांगण्यासाठीच जुळविलेले असतात, हे एकदा दिसल्यावर मला जुन्या गोष्टी नव्याने कळू लागल्या. नामदेवांची एकसष्ट पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत, आणि दिल्लीच्या गुरुद्वारांत ती आजही गाइली जातात. त्यांच्या अभंगांतला विठ्ठल विटेवर उभा आहे, त्याच्याशी रुसता येते, त्याला माउली म्हणता येते. हिंदी पदांतला बीठल बहुधा सर्वत्र भरलेला, आकाराच्या पलीकडचा. अभ्यासक याला सगुणाकडून निर्गुणाकडे झालेला प्रवास म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण ज्यांनी पंढरपूर पाहिलेले नाही, चंद्रभागेचे नाव ऐकलेले नाही, अशा पंजाबातल्या माणसांपुढे उभा राहिलेला संत वीट आणि वाळवंट किती वेळ सांगणार? श्रोत्याने त्या देवाला विटेवरून खाली उतरविले असे मला वाटते.

मुक्तिबोध बंधूंची गोष्ट तर आपल्या काळातली. घर मराठी, ग्वाल्हेर संस्थानातल्या नोकरीवर वाढलेले. थोरले गजानन माधव हिंदीकडे गेले, १९४३ च्या ‘तार सप्तक’मधल्या सात कवींत एक झाले (त्या सातांत प्रभाकर माचवे हे दुसरे मराठी घरचे), धाकटे शरच्चंद्र मराठीत राहिले आणि त्यांनी ‘नवी मळवाट’ लिहिली. दोघांचे संस्कार एक, दोघांची मार्क्सवादी निष्ठा एक. तरीही शरच्चंद्रांची कविता पुढच्या वाटेकडे हात दाखवीत चालते, आणि गजाननांची अंधाऱ्या जिन्यांवरून स्वतःलाच जाब विचारीत खाली उतरते. हा भेद स्वभावाचा असू शकेल. मला त्यात हिंदीच्या विस्तीर्ण, अनोळखी श्रोतृवर्गापुढे आपले कोणीच नाही अशा माणसाची एकांतातली जबानीही ऐकू येते. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते दिल्लीतच वारले. त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला आणि त्यांना तो पाहायला मिळाला नाही.

शिकागो विद्यापीठातले बोअझ कीसार आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली प्रयोगांती असे मांडले की परक्या भाषेतून पर्याय वाचला तर मनुष्य नफ्यातोट्याच्या शब्दयोजनेने कमी फसतो, कारण त्या भाषेला भावनेचा चटका कमी असतो. मला ते फायलींच्या बाबतीत पटते. कोणाची रजा नामंजूर करायची तर हिंदी टिप्पणीत ती सहज होई. मराठीत मला त्याचे घर दिसले असते. आकड्यांनी मात्र घर कधी बदललेच नाही. महागाईभत्त्याची थकबाकी काढताना आजूबाजूला सारा हिंदी गलबला असे, आणि मी ओठांतल्या ओठांत मराठी पाढे म्हणत असे. पावकी, निमकी आणि दिडकी यांनी माझी नोकरी शेवटपर्यंत सांभाळली.

आता आम्ही नोएडात राहतो. येथल्या गोल्फच्या मैदानात एक स्तंभ आहे. १८०३ साली इंग्रजांच्या जनरल लेकने पटपडगंजला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला त्याची ती खूण. फौजेचे धनी मराठे, वरचे अंमलदार फ्रेंच आणि शिपाई बहुतेक हिंदुस्थानी. त्या दिवशी हुकूम किती भाषांतून फिरून शिपायापर्यंत पोहोचला असेल, असा विचार तेथून जाताना मनात येतो. घरात नात आहे. ती आजीला मराठीत ‘तू’ म्हणते आणि शेजारणीपुढे हिंदीत बोलायची वेळ आली की त्याच आजीला ‘आप’ म्हणते. तिचे हट्ट मराठीत असतात, सबबी हिंदीत, आणि शाळेत काय झाले ते इंग्रजीत. तिला कोणी हे शिकविलेले नाही. कोण ऐकते आहे ते तिला कळते.

म्हणून नोएडा, गुडगाव, फरीदाबादेतल्या तरुण मराठी आईबापांना माझे सांगणे आहे की मुलाची हिंदी किंवा इंग्रजी कच्ची राहील या भयाने घरातली मराठी थांबवू नका, आणि तिचा वर्गही घरात भरवू नका. मुलाशी मराठीत भांडा, भाजीवाल्याचा हिशेब त्याच्याकडून मराठीत करून घ्या, आणि सुटीत त्याला चार दिवस अशा माणसांत सोडा, ज्यांना मराठीवाचून दुसरे काही ऐकूच येत नाही.