म्हातारीच्या बुटापलीकडची मुंबई

मे महिना आला की मुंबईच्या नातेवाइकांचं बोलावणं येतं. "या हो मुलांना घेऊन चार दिवस!" आपणही चिवडा-लाडवांचे डबे भरून निघतो. पहिला दिवस कौतुकात जातो. दुसऱ्या दिवशी त्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आपली मुलं पलंगावरून उड्या मारू लागतात, खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात आणि वहिनींचा चेहरा कसा होतो, ते तुम्हीही पाहिलं असेल. अंगणात वाढलेली मुलं ती! त्यांना गप्प बसवण्यापेक्षा बाहेर काढावं हे बरं.

पण न्यायचं कुठे? आपल्याला एकच ठाऊक, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट. तो दाखवा, जरूर दाखवा. पण आत शिरलं, अरुंद जिन्यानं वर चढलं, खिडकीतून हात हलवला की दहा मिनिटांत बूट संपतो बरं का! त्या कमला नेहरू पार्कमधून चौपाटीचा जो अर्धगोल दिसतो, तो मात्र पाहून घ्या. समोरच फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे आपलं हँगिंग गार्डन. मुलांना सांगा की तुम्ही पाण्याच्या टाकीवर चालताय. खरंच, शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या वर १८८१ च्या सुमारास ही बाग केलेली आहे. आमच्या चिरंजीवांनी लगेच जमिनीला कान लावला होता! २०२५ मध्ये जवळच झाडीतून जाणारी उंच लाकडी वाटही खुली झाली आहे. तिचं तिकीट आधी ऑनलाइन काढायला एखाद्या भाच्याला सांगा.

भर दुपारी जायचं तर भायखळ्याची राणीची बाग. १८६२ सालची ती झाडं, त्यांची सावली काय वर्णावी! २०१७ पासून तिथे पेंग्विन आहेत, त्यामुळे रांग असते. हत्तीवर बसायचं मात्र मुलांना कबूल करू नका. ते केव्हाच बंद झालं. आणि बुधवारी जाऊ नका. बुधवारी बाग बंद असते.

या साऱ्या बघायच्या जागा. धावायची जागा म्हणाल तर शिवाजी पार्क. दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून मुलांच्या चालीनं वीसेक मिनिटं. सुमारे २८ एकरांचं हे मैदान आणि त्याला सगळीकडून बसायला कट्टा, हे आपल्यासाठी सोयीचं. आचरेकर सरांच्या हाताखाली तेंडुलकर इथेच तयार झाला, हे मुलगे तुम्हाला सांगतीलच. ते सांगणार नाहीत ते मी सांगते. १९२५ मध्ये मैदान खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये शिवाजी पार्क झालं ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे. एका बाईनं ठेवलेलं नाव आहे ते!

हे मला ठाऊक होतं, तरी काय झालं पहा. मुलगा दहाचा, मुलगी तेराची. मुलगा पोचल्याबरोबर कुणाच्या तरी क्रिकेटमध्ये घुसला. मुलगी माझ्याशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली. "तू नाही का गं जात?" तर म्हणाली, "सगळे मुलगेच आहेत." मी म्हटलं, "बरं, बस मग." पिशवी सांभाळायला कुणीतरी हवंच होतं ना! वर्षापूर्वी हीच पोर शेजारच्या चिंचेवर चढायची आणि "आता मोठी झालीस, पुरे" म्हणणारी मीच. तेव्हा काही वाटलं नव्हतं. तिथे त्या कट्ट्यावर वाटलं.

उठून तिला मैदानालगतच्या समर्थ व्यायाम मंदिरापाशी घेऊन गेले. तिच्याच वयाच्या मुली दोराच्या मल्लखांबावर चढत होत्या. पायाच्या अंगठ्यात दोर धरायचा, वर जायचं आणि उलटं लटकायचं! ती दिवे लागेपर्यंत हलली नाही. घरी जाताना एवढंच म्हणाली, "उद्या परत येऊ या?"

दुसऱ्या दिवशी पिशवी मी सांभाळली.

तर तुम्ही जाल तेव्हा साडेचारनंतर जा, त्याआधी ऊन सोसत नाही. पाण्याची बाटली, ओला नॅपकिन, चुरमुऱ्यांचा डबा एवढं पुरे. प्रत्येक मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला आणि "चुकलास तर शोधत फिरायचं नाही, शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहायचं" हे दोनदा बजावा. तो पुतळा आधी दाखवून ठेवा म्हणजे झालं.

आणि तिथली लाल माती! वहिनींच्या बाथरूममध्ये ओले कपडे घासत बसू नका, डाग पसरतो. कपडे आधी पूर्ण वाळू द्या, गॅलरीत झटका, मग गार पाण्यात भिजवून साबण लावा. मी दोघांचेही तसेच काढले.