शिडी की नळ?

निवृत्तीनंतर मित्रांनी हास्यक्लब धरला, मी सोल्डरिंगची कांडी. सध्या एक डबा बनतो आहे. आत रास्पबेरी पाय, त्यात जुन्या कॅसेटींवरून उतरवलेलं नाट्यसंगीत, आणि बाहेर एकच मोठा नॉब. हिला आता फारसं दिसत नाही, मोबाइलचा पडदा तर नाहीच. नॉब बोटांना कळतो. कान मात्र शाबूत आहेत, म्हणून तर डॅक निवडताना एवढा घोळ!

डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा भाग. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. मंडळी, तागडी आठवा. १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाणारी १६ वजनं असली की ६५,५३५ पर्यंतचं कुठलंही माप करता येतं. आर-टूआर नावाची शिडी हेच करते, वजनांच्या जागी रझिस्टर. ग्यानबाची मेख मोठ्या वजनात आहे. ते ३२,७६८ चं. त्यात ०.१ टक्का फरक पडला तरी जवळपास ३३ ची चूक, आणि खालची पाच वजनं मिळून होतात ३१! त्यातून हे थोरलं वजन नेमकं हळू आवाजातच सारखं वर-खाली होतं, कारण शून्याची रेघ मधोमध. म्हणजे तान संपून तंबोरा उरतो, तिथेच घात.

दुसरी पद्धत डेल्टा-सिग्मा. नळ भराभर उघड-बंद करा, बादलीत सरासरी धार पडते. वजनांची काटेकोरी नको, वेग हवा. होणारी खरखर कानाच्या टप्प्यापलीकडे ढकलून गाळतात.

वजनवाले म्हणतात, यात जीव नाही. फिलिप्सच्या टीडीए१५४१ चं नाव ते कानाला हात लावून घेतात, घराण्याच्या बुजुर्गांचं घ्यावं तसं. ती चिप आता बनत नाही, बाजारात तोतये पुष्कळ. घरी शिडी करायची तर दोन्ही बाजूंचे मिळून ६४ रझिस्टर, आणि माझा हात हल्ली थरथरतो. असो.

मी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या पीसीएम५१०२ए चा तयार बोर्ड घेतला. नळाच्याच कुळातला. वेगळं मुख्य घड्याळ लागत नाही. आवाजाच्या तीन तारा, वीज आणि ग्राउंड जोडलं की झालं.

माझे कान परीक्षेला बसवण्यात अर्थ नव्हता, सत्तरीनंतर वरचे सूर जातातच. काल हिला ऐकवलं. म्हणाली, "कॅसेटची खसखस स्पष्ट येते हो."

"गाळून टाकू?"

"नको. राहू दे."

नॉब अजून सैल आहे, तो आज बसवतो.