सराफा आणि डावी कूस

इंदूरला जाऊन जो सराफ्यात गेला नाही तो इंदूरला गेलाच नाही, असे तिथली मंडळी मानतात. जो गेला, त्याची पुढची रात्र कशी गेली हे मात्र कोणी विचारत नाही. मी ते आपण होऊन सांगणार आहे.

2023 च्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, मी आत्याकडे गेलो होतो. लग्न होऊन ती इंदूरला गेली आणि तिच्या मराठीला माळव्याचे पाणी लागले. ‘काय करून राहिलास?’ असे ती विचारते, आणि व्याकरण शिकवणाऱ्या भाच्याने ते निमूट ऐकून घ्यायचे असते.

सकाळी उतरलो तो पोहे-जिलबीच्या स्वाधीन झालो. इथले पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले असतात. वर शेव, कांदा आणि जिरावन नावाचा आंबटतिखट मसाला. दुपारी दाल-बाफले. बाफला आधी पाण्यात उकडतात, मग निखाऱ्यावर भाजतात आणि शेवटी तुपात बुडवतात. आतेभावाने, म्हणजे दादाने, दोन खाल्ले. मी पाहुणा, म्हणून चार. वर चुरम्याचा लाडू. मग उताणा पडून दोन तास झोपलो आणि याला वामकुक्षी म्हणतात असे सगळ्यांना ऐकवलेही.

रात्री साडेदहाला राजवाड्यामागच्या सराफ्यात गेलो. दिवसा इथे सोन्याचांदीची दुकाने. ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया पेटतात. भुट्ट्याचा कीस तुपादुधात शिजतो आहे, गराडूचे तुकडे तळून निघताहेत (हा कोनफळाच्या भावकीतला कंद, थंडीतच मिळतो), खोबऱ्याचे सारण भरलेले पॅटिस, मावाबाटी, रबडी, आणि एकेक पाव किलोच्या घरात जाणारा ‘जलेबा’. आणि माणसे! म्हाताऱ्या आजींपासून बापाच्या खांद्यावर पेंगणाऱ्या पोरांपर्यंत सगळे उभ्याने खाताहेत. एक गोष्ट तेव्हा दिसूनही मी ध्यानात घेतली नाही. दादा, वहिनी आणि मुले एक बशी घेत आणि चौघांत संपवीत. मग रमतगमत पुढच्या कढईपाशी. मी प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र बशी घेतली. बाराच्या पुढे घरी आलो आणि अंथरुणावर आडवा झालो.

दोनच्या सुमारास जाग आली ती छातीतल्या आगीने. घशाशी आंबट पाणी, छातीवर दडपण. उठून बसलो. पुण्यात हे मला नवीन नव्हते. टेबलाच्या खणात, सौ. ना दिसणार नाहीत अशा बेताने, पित्ताच्या गोळ्या गेली दोन वर्षे होत्या. पण ही आग नेहमीची वाटेना, आणि घाम फुटला तो थंडीत.

माझे वडील 1996 साली असेच रात्री उठून बसले होते. ‘गॅस झालाय’ म्हणाले. आईने ओवा दिला, सोडा दिला. आम्ही झोपलो. पहाटे ते गेले, हृदयविकाराने. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो.

समोर आत्या उभी होती. म्हाताऱ्या माणसाची झोप सावध. तिने दिवा लावला, माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटले की तिला मी नाही, तिचा भाऊ दिसतो आहे. “आत्या, गॅस झालाय फक्त,” मी म्हणालो. शब्द तोंडातून गेला आणि मीच दचकलो. तिने ओव्याच्या डबीला हात लावला नाही. दादाला हाक मारली, “ऊठ, गाडी काढ.”

इस्पितळात हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतले, आणि काही तासांनी दोन्ही पुन्हा केले. पहिला आलेख चांगला आला एवढ्यावर थांबायचे नसते म्हणे. हृदय ठीक होते. सकाळी डॉक्टरांपुढे मी सराफ्यावर फिर्याद मांडली. ते इंदूरचेच, त्यांनी ती दाखल करून घेतली नाही. “पुण्यात रात्री किती वाजता जेवता?” दहा. “आणि झोपता?” साडेदहा. “सकाळी?” रिकाम्या पोटी दोन कप चहा, मग तासाला उशीर म्हणून पाच मिनिटांत काहीतरी. “म्हणजे सराफा एका रात्रीचा,” ते म्हणाले, “हे रोजचे.”

मग त्यांनी समजावले. तूप-तेल जठरातून लवकर पुढे सरकत नाही. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचे एक दार असते. पोट तुडुंब असताना आडवे झाले की ते नीट मिटत नाही आणि आम्ल वर येते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. डाव्या कुशीवर निजावे, म्हणजे जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीला राहते. मात्र छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर पित्त की हृदय हे घरी ठरवायचे नाही. रात्री आलात ते बरोबर केलेत.

‘वाम’ म्हणजे डावी, ‘कुक्षी’ म्हणजे कूस. वीस वर्षे हा समास वर्गात सोडवतो आहे. शतपावलीही शिकवतो. स्वतः मात्र जेवणाच्या ताटावरून थेट उशीवर.

उरलेले तीन दिवस आत्याच्या घरचे रोजचे जेवण जेवलो: संध्याकाळी सातला मुगाची खिचडी, ताक, एखादी पालेभाजी. सराफ्यातल्या रात्री महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, पाहुणा आला की. सौ. ना फोन करून त्या खणातल्या गोळ्यांबद्दल सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती, मग म्हणाल्या, “मला माहीत होतं. तुम्ही कधी सांगताय याची वाट पाहत होते.”

निघायच्या आदल्या रात्री दादा मला पुन्हा सराफ्यात घेऊन गेला, नऊला. पाच जणांत एक बशी गराडू. चालत परत आलो, बाराला झोपलो. मध्यरात्री केव्हातरी दार किलकिले झाले.

“कुठल्या कुशीवर आहेस रे?” आत्याने अंधारातूनच विचारले.

“डाव्या,” मी म्हणालो. तरी ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.